आईच्या गळ्याची गाठ ६ आठवड्यांत वाढली: मायक्रोआरएनएची तपासणी करावी का?

सोलापुरातल्याच एका ताईंचा हा प्रश्न आहे. आईचं वय ६६. गळ्याला गाठ २० वर्षांपासूनची, पण तिचा त्रास असा कधी नव्हता. गेल्या ६ आठवड्यांत ती दुपटीने वाढली, आवाज घोगरा झाला आणि आता भाकरी दुधात कुस्करून दिली तरी घास अडकतो. बायॉप्सीत थायरॉइडचा ॲनाप्लास्टिक कार्सिनोमा, म्हणजे फार झपाट्याने वाढणारा कॅन्सर, निघाला. पुण्यात बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या भाच्याने सांगितलं की या कॅन्सरचं मूळ मायक्रोआरएनएमध्ये आहे, त्याची रक्ततपासणी निघाली आहे आणि औषधही येतंय. सोबत एका प्रयोगशाळेचं माहितीपत्रक पाठवलं. आता ताई विचारतात: हा मायक्रोआरएनए म्हणजे काय? आईच्या आजारात त्याचा हात किती? शेजारच्या काकूंना थायरॉइडचाच कॅन्सर होता, आयोडीन घेऊन त्या ठणठणीत आहेत, मग आईला ते का देत नाहीत? आणि ही तपासणी करावी का? वडील अक्कलकोट रोडच्या कारखान्यात ३० वर्षं जेकार्डच्या मागावर होते, असंही त्यांनी ओघात लिहिलंय. ते मला पुढे उपयोगी पडेल.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गेली २६ वर्षं सोलापुरात थायरॉइडच्या सुईच्या तपासण्या आणि बायॉप्सी बघतोय. मायक्रोआरएनए हा माझ्या अत्यंत आवडीचा विषय आहे, आणि तरीही ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: ही तपासणी आत्ता करू नका. या आजारात दिवस मोजावे लागतात. त्या तपासणीचा निकाल काहीही आला तरी आईच्या उपचारात आज काही बदलणार नाही. ज्याने बदलेल अशी तपासणी वेगळी आहे आणि ती बायॉप्सीच्या त्याच तुकड्यावर होते.

त्याआधी श्वासाचं. आई झोपल्यावर श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येतो का, उताणं झोपवत नाही का, पाणी पिताना ठसका लागतो का, हे आज रात्रीच बघा. यातलं एक जरी असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कान-नाक-घशाचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही असतील अशा रुग्णालयात न्या. श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवायची की नाही, याचा विचार शांतपणे, आईशी बोलून, आधी झालेला बरा. मध्यरात्री घाईत घेतलेला निर्णय फार जड जातो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. गिळणं बंद होत आलंय, तेव्हा नाकातून किंवा पोटातून अन्नाची नळी घालण्याबद्दलही लगेच विचारा. उपासमार झालेल्या शरीराला पुढचा कुठलाच उपचार पेलत नाही.

दुसरं, रिपोर्टात मार्कर (पेशी कुठल्या जातीची हे ओळखण्यासाठी विशिष्ट प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी) लावल्याचा उल्लेख आहे का ते पाहा. वयस्क बाईच्या गळ्यात झपाट्याने वाढणारी गाठ कधी कधी लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, निघते, आणि लिम्फोमा औषधांनी विरघळतो. नुसत्या सुईच्या तपासणीवर दोन्हींत गफलत होऊ शकते. जाड सुईची बायॉप्सी आणि त्यावर मार्कर झालेले असतील तर निदानावर भरवसा ठेवा. नसतील तर ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायॉप्सीचा तुकडा, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. आमच्यातल्या कुणालाही याचा राग येत नाही, येऊ नये.

आता मायक्रोआरएनए.

तुमच्या वडिलांचा माग आठवा. चादरीवर मोर उमटायचा की वेलबुट्टी, हे जेकार्डच्या वर फिरणाऱ्या छिद्रांच्या कार्डांवर ठरतं. आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे ती कार्डं. कार्डावरून निरोप निघतो, त्याला मेसेंजर आरएनए म्हणतात, आणि त्या निरोपाप्रमाणे प्रथिनं विणली जातात. पण कारखान्यात कार्डांइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे जॉबर. तो नक्षी बदलत नाही. कुठला माग चालू ठेवायचा, कुठला सावकाश चालवायचा, कुठला थांबवायचा, हे तो बघतो, आणि एकेका जॉबरकडे कितीतरी माग असतात. मायक्रोआरएनए हा पेशीतला जॉबर. साधारण २२ अक्षरांचा इवलासा तुकडा. त्याच्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही. तो आपल्याशी जुळणाऱ्या निरोपाच्या शेपटाला जाऊन चिकटतो आणि तो निरोप वाचला जाऊ देत नाही किंवा मोडून टाकतो. माणसात असे हजारावर मायक्रोआरएनए आहेत आणि त्यातला एकेक शेकडो निरोपांवर लक्ष ठेवतो.

याचा शोध लागला १९९३ मध्ये, जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या एका किड्यात. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे ते दोन शास्त्रज्ञ. सात वर्षं बहुतेकांना वाटलं, ही त्या किड्याचीच काही खासियत असेल. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेला लेट-७ नावाचा दुसरा मायक्रोआरएनए सापडला, आणि तो माशीपासून माणसापर्यंत सगळीकडे निघाला. मग मात्र या क्षेत्रात धावाधाव सुरू झाली. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. तुमच्या भाच्याच्या कानावर हा विषय इतका येतोय, त्यात या नोबेलचाही वाटा असणार.

थायरॉइडमध्ये या कथेचं पहिलं ठळक पान २००५ चं. अमेरिकेतल्या ओहायोतल्या संशोधकांनी पॅपिलरी कॅन्सरच्या गाठी आणि त्याच रुग्णांची शेजारची निरोगी थायरॉइड यांची तुलना केली. मिर-१४६बी, मिर-२२१ आणि मिर-२२२ हे तीन मायक्रोआरएनए गाठीत ११ ते १९ पट वाढलेले सापडले. पॅपिलरी हा थायरॉइडचा सर्वांत जास्त आढळणारा आणि बहुतेक वेळा बरा होणारा कॅन्सर. तुमच्या काकूंना झालेला बहुधा हाच. पुढे २०१४ मध्ये ४९६ पॅपिलरी गाठींचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला, आणि त्यात ज्या गाठी आपलं थायरॉइडपण विसरू लागल्या होत्या त्यांच्यात मिर-२१ आणि मिर-१४६बी चढलेले दिसले. म्हणजे पॅपिलरीतही सगळ्या गाठी सारख्या नसतात, आणि कुठली गाठ वाकडी वाट धरणार याची खूण हे रेणू देऊ शकतात.

‘थायरॉइडपण विसरणं’ हे मी रोज काचेखाली बघतो, म्हणून जरा थांबून सांगतो. निरोगी थायरॉइडचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की सांगोल्याचं डाळिंब फोडल्यासारखं दिसतं. गोल गोल दाणे एकमेकांना लागून, प्रत्येकाच्या पोटात गुलाबी रस, आणि भोवती पेशींची एकसारखी ओळ. तो रस म्हणजे हार्मोनचा साठा. पॅपिलरीत दाण्यांची जागा बोटांसारखे कोंब घेतात, पण पेशी एकमेकींचा हात धरून असतात. ॲनाप्लास्टिकच्या काचेवर डाळिंबाचा मागमूस नसतो. लांबोळक्या, सुटलेल्या, एकमेकींशी नातं तोडलेल्या पेशी, मध्येच चार-पाच केंद्रकांची राक्षसी पेशी, मरून पडलेल्या पेशींचे मोठाले पट्टे, आणि विभाजनात असलेल्या पेशी इतक्या की मोजणं सोडून द्यावं. ही थायरॉइड आहे हे ओळखण्यासाठी थायरोग्लोब्युलिनचा मार्कर लावला तर तोही रंगत नाही. पॅक्स-८ नावाचा मार्कर अनेकदा शेवटपर्यंत टिकतो, तेवढ्यावर घराणं ओळखायचं.

हे असं का होतं, याचं सगळं श्रेय मायक्रोआरएनएला देता येत नाही. भाच्याच्या ‘मूळ’ या शब्दाशी माझा मतभेद आहे. मूळ बिघाड कार्डांत असतो. बीरॅफ किंवा रास जनुकात बदल होतो, त्यावर टर्ट आणि पी-५३ यांचे बदल चढतात. वर्षानुवर्षं स्वस्थ बसलेल्या जुन्या गाठीत किंवा निदान न झालेल्या पॅपिलरीत हे साचत जातं. कार्डं बिघडली की जॉबरांच्या नेमणुकाही बिघडतात, आणि त्या बिघडलेल्या नेमणुकांमुळे कारखान्याचा जो गोंधळ उडतो तो आपल्याला गाठीच्या रूपात दिसतो. ६ आठवड्यांत गाठ दुप्पट कशी झाली, याचं उत्तर या मधल्या पायरीवर बरंच सापडतं.

दोन उदाहरणं देतो. पेशीच्या विभाजनाला पी-२७ नावाच्या प्रथिनाचा ब्रेक असतो. मिर-२२१ आणि मिर-२२२ नेमका याच ब्रेकचा निरोप दाबतात. ते चढले की ब्रेक गेला. ॲनाप्लास्टिकमध्ये त्याच्या जोडीला मिर-१७-९२ नावाचा एक सबंध गटच वाढलेला सापडतो, आणि तो पीटेन आणि रेटिनोब्लास्टोमा या आणखी दोन राखणदारांना गप्प करतो. वेग येतो तो असा.

दुसरं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ॲनाप्लास्टिकला पॅपिलरीपासून वेगळं काढणारी गोष्ट इथे आहे. यात जॉबर चढत नाहीत, कामावरून गायब होतात. मिर-२०० आणि मिर-३० ही दोन घराणी. निरोगी पेशीत ती झेब नावाच्या प्रथिनांचा माग बंद ठेवतात. झेब जागं झालं तर पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा ई-कॅडहेरिनचा डिंक बनणं थांबतं आणि पेशी सुट्या होऊन हिंडू लागतात. ॲनाप्लास्टिकमध्ये ही दोन्ही घराणी ओसरलेली असतात. त्यात मेख अशी की झेब एकदा जागं झालं की ते उलट मिर-२०० चं जनुकच दाबतं. जॉबर नाही म्हणून माग चालू, आणि माग चालू म्हणून जॉबरला आत येऊ देत नाहीत. काचेवर दिसणाऱ्या त्या सुट्या, लांबोळक्या पेशी म्हणजे हीच गोष्ट. २०१० मध्ये प्रयोगशाळेतल्या ॲनाप्लास्टिक पेशींत मिर-२०० परत घातल्यावर त्यांची घुसखोरी कमी झाली आणि त्या पुन्हा शहाण्या पेशींसारख्या वागू लागल्या. ते वाचलं त्या दिवशी मी रोजच्या स्लाइड बाजूला ठेवून जुनी ॲनाप्लास्टिकची स्लाइड काढून परत पाहिली होती.

(मेड्युलरी हा थायरॉइडचा वेगळाच प्रकार. तिथे मिर-३७५ चढतो. तुमच्या आईचा त्याच्याशी संबंध नाही.)

काकूंच्या आयोडीनचं कोडंही इथेच सुटतं. थायरॉइडच्या पेशीला रक्तातलं आयोडीन ओढून घेण्यासाठी एक दार असतं, त्याला एनआयएस म्हणतात. किरणोत्सारी आयोडीन दिलं की ते या दारातून आत जातं आणि पेशीला आतून मारतं. काकूंच्या गाठीतली दारं शाबूत होती, म्हणून औषध लागू पडलं. मिर-१४६बी या दाराचाच निरोप दाबतो, शिवाय दार बनवायला सांगणाऱ्या पॅक्स-८ वरही दाब आणतो. म्हणून ज्या पॅपिलरी गाठींत तो फार चढतो त्या आयोडीन नीट घेत नाहीत. ॲनाप्लास्टिकमध्ये तर थायरॉइडचा सगळा कारभारच गुंडाळलेला असतो, दार उरतच नाही. आईला आयोडीन देत नाहीत यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा नाही. ते दिलं तर आत जाणारच नाही, आणि त्यात मोलाचे आठवडे जातील.

आता माहितीपत्रकातली तपासणी. मायक्रोआरएनएच्या काही तपासण्या परदेशात खरोखर वापरात आहेत, पण त्यांचा उपयोग वेगळ्या प्रश्नासाठी होतो. सुईच्या तपासणीत कधी ‘बेथेस्डा ३’ किंवा ‘बेथेस्डा ४’ असा संदिग्ध निकाल येतो. गाठ साधी की कॅन्सरची, हे पेशी बघून सांगता येत नाही. तिथे काही मायक्रोआरएनएंचं प्रमाण जनुकीय तपासणीच्या जोडीने पाहिलं तर ऑपरेशन टाळायला किंवा ठरवायला मदत होते. तुमच्या आईचं निदान तर झालेलं आहे.

रक्तातल्या मायक्रोआरएनएबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे, ती रोजच्या कामातून आलेली. तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. रक्त काढताना सुईत जोर लागला, नळी जोरात हलली किंवा कुरिअरच्या पेटीत उन्हात राहिली की तांबड्या पेशी फुटतात, आणि त्यांचे मायक्रोआरएनए सगळा हिशेब बिघडवतात. एप्रिल-मेमध्ये सोलापुरातून बाहेरगावी गेलेल्या अशा नळीच्या निकालावर मी माझ्या घरच्यांचा उपचार ठरवणार नाही.

माझी खरी भीती ब्लॉकची आहे. काही वर्षांपूर्वी मंगळवेढा तालुक्यातले एक गृहस्थ माझे रुग्ण होते. निदान हेच. नातेवाइकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून बायॉप्सीचा ब्लॉक एका प्रयोगशाळेला एकदम अनेक तपासण्यांच्या मोठ्या पॅनेलसाठी पाठवला. तीन आठवड्यांनी ब्लॉक परत आला तेव्हा मेणात ऊतक जवळजवळ उरलंच नव्हतं, सगळं काप घेण्यात संपलेलं. बीरॅफचा मार्कर लावायला मला एक धड काप मिळेना. पुन्हा बायॉप्सी करावी लागली. तोवर ते इतके खालावले होते की ती करतानाच श्वास लागला. त्या रिकाम्या ब्लॉकचा चौकोन मला अजून दिसतो. म्हणून तुम्हाला इतकं कळकळीने लिहितोय.

तर करायची तपासणी ती बीरॅफची, नेमकं सांगायचं तर बीरॅफ व्ही-६००-ई या बदलाची. ॲनाप्लास्टिकच्या बऱ्याच रुग्णांत, काही पाहण्यांत ४० टक्क्यांच्या आसपास, तो असतो. त्याचा एक मार्कर आहे, व्हीई-१. एका पातळ कापावर तो लावता येतो आणि दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं. तो मार्कर आज सांगा, आणि त्याच वेळी उरलेल्या ऊतकावर सविस्तर जनुक तपासणी पाठवायला सांगा, म्हणजे तिच्यासाठी अडून राहायला नको. त्या तपासणीत एनट्रक आणि रेट या जनुकांची अदलाबदलही पाहिली जाते. ती क्वचित सापडते, पण सापडली तर त्यावरही गोळ्या आहेत. ऊतक कमीच असेल तर रक्तातल्या डीएनएवर बीरॅफ पाहता येतं. ती रक्ततपासणी वेगळी, मायक्रोआरएनएची नव्हे. माहितीपत्रक वाचताना हा फरक बघा.

बीरॅफ सापडलं तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी देतात. अमेरिकेत २०१८ मध्ये तिला या आजारासाठी मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारली, तिच्या पुढच्या अहवालात ३६ रुग्ण होते. निम्म्याहून अधिक जणांची गाठ ठळकपणे आकसली आणि जवळपास निम्मे रुग्ण वर्षभरानंतरही हयात होते. या गोळ्यांच्या आधी निम्मे रुग्ण साधारण ५ महिन्यांच्या आत जात असत, हे माहीत असलं की या आकड्यांचं मोल कळतं. काहींची गाठ इतकी लहान झाली की नंतर ऑपरेशन शक्य झालं. सगळ्यांना हे मिळत नाही, आणि बहुतेकांत काही काळाने गाठ गोळ्यांना दाद देईनाशी होते. तेही आईच्या डॉक्टरांकडून मोकळेपणाने ऐका. बीरॅफ नसेल तर रेडिएशन, केमो, शक्य असेल तर शस्त्रक्रिया, आणि वेदना-श्वास-अन्न यांची नीट काळजी. ही काळजी पहिल्या दिवसापासून हवी, सगळे उपाय थकल्यावर नव्हे.

मायक्रोआरएनएचं औषध? आज कुठल्याही कॅन्सरसाठी असं मान्यताप्राप्त औषध नाही. मिर-३४ची नक्कल चरबीच्या थेंबांत भरून शिरेतून द्यायचा एक प्रयोग माणसांवर झाला होता. २०१६ मध्ये तो थांबवावा लागला, कारण काही रुग्णांत रोगप्रतिकारशक्ती भयंकर उसळली आणि मृत्यू झाले. एक जॉबर शेकडो मागांवर हात ठेवतो, हीच त्याची ताकद आणि हाच धोका. गाठीतला माग थांबवताना रक्तपेशींतले, यकृतातले मागही थांबू शकतात. उंदरांत मिर-१४६बी दाबून गाठीची वाढ रोखता आली आहे. भाच्याला या विषयात पुढे काम करायचं असेल तर मनापासून करू दे. पण आईसाठी कुणी आज मायक्रोआरएनएचं इंजेक्शन देतो म्हणालं, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

पुढच्या पिढीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. ॲनाप्लास्टिक सहसा वंशपरंपरेने येत नाही. मायक्रोआरएनए कापून तयार करणाऱ्या डायसर नावाच्या कात्रीचं जनुक काही घराण्यांत जन्मतः बिघडलेलं असतं, आणि तिथे लहान वयातच मुलामुलींना गळ्याच्या अनेक गाठी होतात. तुमच्याकडे तसं काही नसेल तर मुलींच्या गळ्यांची धास्ती घेऊ नका.

उद्या काय करायचं ते सांगतो. बायॉप्सी जिथे झाली त्या प्रयोगशाळेत जाऊन ब्लॉक आणि स्लाइड मागा. तुमचा हक्क आहे, सही करून मिळतात. ‘पहिला काप बीरॅफसाठी’ असं पाकिटावर लिहून घ्या. आईला घेऊन बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात जायचं की मुंबईला टाटाला, हे श्वासावर ठरवा. श्वास बरा नसेल तर लांबचा प्रवास नको, आधी इथे सिव्हिलला किंवा तुमच्या जवळच्या रुग्णालयात श्वासाची सोय करा. आई प्रवास करू शकत नसली तरी ब्लॉक करू शकतो, तो घेऊन घरातलं एक माणूस पुढे जाऊ दे. आणि ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका. त्याचं मेण साठेक अंशांच्या आतच वितळतं, आणि सोलापूरच्या उन्हात बंद गाडी तेवढी सहज तापते. पाकीट पर्समध्ये, आपल्याजवळ ठेवा.